न्यूमोनिया, आबाजी आणि आगाखान पॅलेस

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन विकएण्ड हॉस्पिटलात गेले आणि त्यानंतरचे दोन जुनी पुस्तकं आणि पेपर उपसण्यात. मॅनेजरला वाटलं मी नवीन सर्टिफिकेशनचा अभ्यास करतोय. मी वाचत होतो न्यूमोनियाचा इतिहास. आता इतकं वाचलंच आहे तर लिहून टाकतो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

आधी पार्श्वभूमी. आमचं गाव मानोरा, जिल्हा वाशिम. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की चेहरा कोरा. मग ‘पोहरादेवी आमच्या तालुक्यात’ असं सांगितलं की काहींना कळतं, ‘अकोल्याच्या पुढे’ म्हटलं की उरलेल्यांना. (१९९८ च्या १ जुलैला वाशिम वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही अकोल्यातच होतो. आबाजी अजूनही ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात अकोलाच असतं.)

आबाजी म्हणजे माझे आजोबा. वय ८१. जानेवारीतल्या एका सोमवारी रात्री आईचा फोन आला. ‘दोन घास पण खात नाहीत रे कालपासून. काहीतरी बरळतात. आज म्हणत होते, बैल सोडले का, पाणी पाजलं का त्यायले?’ आमच्याकडचे बैल विकून बारा वर्षं झाली. मी विचारलं, ‘ताप आहे का?’ नाही. ‘खोकला?’ नाही, थोडीशी धाप लागते जिना चढल्यासारखी. त्या रात्री माझं प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट होतं. मी म्हणालो, ‘वय झालंय आई, थंडी पण आहे. झोपू दे त्यांना.’

हे वाक्य मी म्हणालो. शेजाऱ्यांनी नाही, काकांनी नाही. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या, दिवसभर लॉग वाचून कुठे काय बिघडलं ते शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने.

गुरुवारी त्यांना उठवेना, तेव्हा ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने स्टेथोस्कोप लावण्याच्या आधी एक गोष्ट केली. शर्ट वर केला, घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट नुसतं छातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘चौतीस.’ १०८ बोलावली आणि अकोल्याला पाठवलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. न्यूमोनिया. मी रातोरात पुण्याहून निघालो.

वॉर्डमध्ये रात्री जागायचं म्हणजे मोबाईल आणि आपण. पहिल्या रात्री मला सापडला तो कर्ब-६५ नावाचा स्कोअर. आपल्या जातीच्या माणसाला आवडेल अशी गोष्ट आहे. २००३ साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या हॉस्पिटलांत दाखल झालेल्या १,०६८ रुग्णांच्या माहितीवरून तो बनवला. पाच प्रश्न, प्रत्येकाला एक मार्क: माणूस गोंधळलेला आहे का, रक्तात युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का, ब्लड प्रेशर पडलंय का, आणि वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे का. बस. ताप त्यात नाही. खोकलाही नाही.

मी हिशोब केला. वय, एक. श्वास, दोन. बैलांना पाणी पाजलं का, तीन. त्या अभ्यासात तीन मार्कवाल्यांपैकी महिन्याभरात गेलेले १७ टक्के. पहाटे युरियाचा रिपोर्ट आला, वाढलेला. चार. चार मार्कवाले, ४१.५ टक्के. फोन उलटा ठेवला आणि बाहेर जाऊन चहा घेतला.

मला टक्क्यांपेक्षा जास्त लागला तो तिसरा मार्क. आईने फोनवर मला जे सांगितलं होतं ते लक्षणच होतं. म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात ताप चढवायची ताकदही पुरेशी उरत नाही, त्यामुळे न्यूमोनिया कधी कधी ताप-खोकल्याच्या दाराने येतच नाही. माणूस जेवायचा थांबतो, पडतो, बरळतो. आपली जुनी माणसं याला ‘वात झाला’ म्हणायची आणि घाबरायची. आपण ‘वय झालं’ म्हणतो आणि लाईट बंद करतो. असो.

आता इतिहास. विल्यम ऑस्लर हे नाव डॉक्टर मित्रांनी ऐकलेलं असेल. आधुनिक मेडिसिनचं त्याचं पाठ्यपुस्तक १८९२ साली आलं. त्या पहिल्या आवृत्तीत त्याने न्यूमोनियाला म्हातारपणाचा खास शत्रू म्हटलं होतं. १८९८ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत तोच शत्रू त्याच्या लेखी म्हाताऱ्यांचा मित्र झाला होता. कारण काय, तर तो झटपट येतो, फार यातना देत नाही आणि पुढच्या लाचार म्हातारपणातून सोडवतो. सहा वर्षांत पार्टी बदलली! पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण त्या काळी डॉक्टरच्या हातात काहीच नव्हतं. न्यूमोनियाचा मुख्य जंतू १८८१ मध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांना स्वतंत्रपणे सापडला होता, १८८४ मध्ये बर्लिनला हान्स ग्रामने न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करता करता जंतू रंगवायची आपली प्रसिद्ध पद्धत शोधली होती. म्हणजे बग दिसत होता, पॅच नव्हता. शत्रू हरत नसेल तर त्याला मित्र म्हणणं हा एक मार्ग असतो.

हा मित्र खुद्द ऑस्लरकडे १९१९ मध्ये आला. सत्तराव्या वर्षी. झटपट वगैरे काही नाही, आजार आठवडेच्या आठवडे चालला, छातीत पू झाला, आणि २९ डिसेंबरला तो गेला.

त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे ‘मानमोडी’ येऊन गेली होती. १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट देशभर पसरली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आमचाच भाग, सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी. देशात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली, जनगणनेच्या इतिहासात असं तेवढ्या एकाच दशकात झालं. फ्लूने वाट मोकळी केली आणि बहुतेकांना मारलं ते मागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने, असं आता मानलं जातं. पण त्या साथीत हा रोग उलटा वागला. वीस ते चाळीसच्या धडधाकट माणसांना नेलं आणि पुष्कळ म्हाताऱ्यांना मागे ठेवलं. आबाजींच्या वडिलांची पहिली बायको त्यातलीच, असं घरी सांगतात. ती जगली असती तर मी नसतो, हा विचार रात्री तीन वाजता हॉस्पिटलच्या बाकावर फार विचित्र वाटतो.

मग १९३८ मध्ये पहिलं खरंखुरं औषध आलं. इंग्लंडच्या मे अँड बेकर कंपनीची सल्फा गोळी, एम अँड बी ६९३. आणि इथे मला जो योगायोग सापडला त्यासाठीच खरं तर ही पोस्ट.

१९४३ चा डिसेंबर. तेहरानच्या परिषदेहून परतताना ६९ वर्षांचा विन्स्टन चर्चिल उत्तर आफ्रिकेत, कार्थेजजवळ, न्यूमोनियाने आडवा झाला. हृदयाचे ठोकेही बिघडले. डॉक्टर, नर्स विमानाने आणले गेले, एक्स-रे मशीनचीही सोय झाली. त्याला एम अँड बी दिलं आणि तो वाचला. (ते फॉरवर्ड आठवतंय ना? चर्चिल लहानपणी बुडत होता, फ्लेमिंगच्या वडिलांनी वाचवलं, मग फ्लेमिंगच्या पेनिसिलीनने पुन्हा वाचवलं. ऑर्कुटच्या काळापासून फिरतंय, आता फॅमिली ग्रुपवर आहे. साफ खोटं. चर्चिलला पेनिसिलीन दिलंच नव्हतं, आणि बुडण्याच्या गोष्टीलाही आधार नाही.)

त्याच हिवाळ्यात, त्याच चर्चिलच्या सरकारच्या कैदेत, पुण्याला येरवड्याजवळ आगाखान पॅलेसमध्ये ७४ वर्षांची एक बाई झुरत होती. कस्तुरबा गांधी.

आपण शाळेत तिथे सहलीला जातो, समाधीपुढे हात जोडतो आणि डबा खाऊन परत येतो. मीही पुण्यात आल्यावर एकदा जाऊन आलो होतो, पण गोष्ट माहीत नव्हती. ९ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’च्या अटकसत्रात गांधीजी पकडले गेले, त्याच दिवशी बाही. पॅलेसमध्ये आल्यावर चार-पाच दिवसांतच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. बांना जुना ब्राँकायटिस होता. १९४४ च्या जानेवारीत हृदयविकाराचे झटके आले, आणि मग छाती भरत गेली. सुशीला नायर आणि डॉ. गिल्डर हे दोन डॉक्टर त्यांच्याबरोबरच कैदेत होते, म्हणजे वैद्यकीय मदत अगदीच नव्हती असं नाही. पण बाहेरून कोणाला आणायचं तर परवानगी, परवानगीसाठी पत्र, पत्राला उत्तर. लाहोरचे वैद्य शिव शर्मा यांना उपचाराला येऊ दिलं, पण रात्री आत राहायला मनाई. तो माणूस काही रात्री फाटकाबाहेर आपल्या गाडीत झोपला, म्हणजे बोलावणं आलं तर पटकन जाता यावं. गांधीजींना यावरून सरकारला पत्रं लिहावी लागली. एकीकडे कार्थेजला विमानाने उतरणारे डॉक्टर, दुसरीकडे फाटकाबाहेर गाडीत झोपलेला वैद्य. दोन न्यूमोनिया, एक हिवाळा.

शेवटच्या दिवसांत धाकटा मुलगा देवदास याने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवलं. १९४४ मध्ये ही गोष्ट साधी नाही. तीन वर्षांपूर्वीच ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाला, अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला, ते दिलं होतं, आणि साठा इतका कमी की त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचलं होतं. तरीही संपलं आणि तो गेला. १९४४ ला जगातलं बहुतेक पेनिसिलीन सैन्याकडे जात होतं. अशा वेळी एका कैदी म्हातारीसाठी ते पुण्यात पोचलं.

आणि दिलं गेलं नाही. गांधीजींना आधी वाटलं होतं ते तोंडाने घ्यायचं औषध असेल. जेव्हा कळलं की दर तीन-चार तासांनी सुई टोचायची, रात्रंदिवस, तेव्हा त्यांनी देवदासला विचारलं की देवावर भरवसा का ठेवत नाहीस, आता तिला का छळायचं. मुलगा बापाशी वाद घालत राहिला. शेवटी थांबला. २२ फेब्रुवारी १९४४ ला संध्याकाळी बा गांधीजींच्या मांडीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच अग्नी दिला, गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून.

यावर भांडणारे खूप आहेत. म्हणतात, बायकोला सुई नको आणि नंतर स्वतःला मलेरिया झाला तेव्हा क्विनीन घेतलं. मी गांधीवादी नाही आणि गांधीद्वेष्टाही नाही, पण हे भांडण मला अर्धवट वाटतं. बांचं हृदय आणि मूत्रपिंडं आधीच हरली होती, आणि पेनिसिलीनने काय झालं असतं ते कोणीच सांगू शकत नाही. उशीर औषधाच्या बाटलीपाशी झालाच नव्हता, तो आधीच्या कित्येक आठवड्यांत झाला होता, परवानग्यांच्या फायलीत. आम्ही मात्र देवदास आणि गांधीजी या दोघांतच न्यायनिवाडा करत बसतो, कारण ते दृश्य सोपं आहे.

हे मी आज असं लिहितोय. त्या रात्री मी देवदास होतो.

झालं असं, की शनिवारी ऑक्सिजन देऊनही आकडा खाली येऊ लागला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावलं आणि विचारलं, गरज पडली तर व्हेंटिलेटरवर घ्यायचं का. घशातून नळी. या वयात ती परत निघेल याची खात्री नाही, न निघाली तर काय, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. काका म्हणाले, ‘बस झालं आता. त्यायले त्रास नका देऊ.’ मला काकांचा भयंकर राग आला. मी टक्केवाऱ्या सुरू केल्या. बाबा काहीच बोलले नाहीत, आत जाऊन आबाजींच्या पायाशी बसले. आबाजी अर्धवट शुद्धीत पुटपुटले, ‘मले कायले आणलं रे इथं?’

अर्ध्या तासाने बाबा बाहेर आले. म्हणाले, ‘औषधं, सलाईन, ऑक्सिजन सगळं करा. नळी नको.’ कागदावर सही केली. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

त्या दोन दिवसांत एक जुना पेपर सापडला. १९६४ चा, रॉबर्ट ऑस्ट्रियन आणि जेरोम गोल्ड यांचा, ब्रुकलिनमधल्या किंग्ज काउंटी हॉस्पिटलमधला. पेनिसिलीन येऊन वीस वर्षं होत आली होती आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की हा रोग संपला. या दोघांनी जंतू रक्तात उतरलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांची नोंद लावली आणि दाखवलं की आजाराच्या पहिल्या पाचेक दिवसांत जे जातात, त्यांना पेनिसिलीन फारसं वाचवू शकत नाही. जंतू मरतो, पण तोवर शरीराचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि अशांमध्ये म्हातारे जास्त. एवढ्यावरून ऑस्ट्रियनने ठरवलं की औषधावर विसंबून चालणार नाही, लस पाहिजे. तेव्हा लोक त्याला वेड्यात काढत होते, औषध असताना लस कशाला? दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांवर चाचण्या झाल्या आणि १९७७ मध्ये अमेरिकेत १४ प्रकारच्या जंतूंवरची लस मान्य झाली, १९८३ मध्ये २३ प्रकारांवरची.

हे वाचताना मी बोटांवर दिवस मोजत होतो. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार.

मोजण्यावरून आठवलं, मानोऱ्याच्या त्या डॉक्टरने जे केलं त्याचा इतिहास आपल्या विदर्भातलाच आहे. लहान मुलांचा आहे, पण सांगतोच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात बघितलं की बाळं न्यूमोनियाने मरतायत आणि तिथे ना एक्स-रे ना डॉक्टर. मग त्यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना श्वास मोजायला शिकवलं. पन्नासपर्यंत आकडे येत नसतील तर? त्यासाठी मण्यांचं एक साधं यंत्र बनवलं, सोबत एक मिनिटाची वाळूची घटिका. श्वास जास्त तर गोळ्या सुरू. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आले: कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांत ०.८ टक्के गेली, जिथे हा कार्यक्रम नव्हता तिथे १३.५ टक्के. बाळाला पन्नास, म्हाताऱ्याला तीस, आकडा बदलतो, युक्ती तीच. आमच्या घरात तीन स्मार्टफोन होते आणि प्रत्येकात स्टॉपवॉच.

पुण्याच्या लोकांसाठी थोडं. मी रोज पिंपरीतून जातो, एचए कंपनीवरून. ती हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनू लागलं, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. आगाखान पॅलेसमधल्या त्या बाटलीनंतर जेमतेम अकरा वर्षांनी. पुढे ही कंपनी स्वतःच आजारी उद्योगांत गेली, ती वेगळी आणि लांबलचक कहाणी आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट. त्यांची न्यूमोकोकसवरची ‘न्यूमोसिल’ २०२० च्या डिसेंबरात भारतात आली, आणि २०२१ मध्ये सरकारी लसीकरणात बाळांसाठी ही लस देशभर सुरू झाली. बाळांना टोचून म्हाताऱ्यांनाही फायदा होतो बरं का. अमेरिकेत २००० साली मुलांची लस सुरू झाली आणि घरातल्या म्हाताऱ्यांतलाही हा आजार घटला, कारण जंतू नातवंडांच्या नाकातूनच आजी-आजोबांकडे जातात. पण ६५ च्या वरच्यांना स्वतःला टोचून घ्यायची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. डॉक्टरला विचारून, स्वतःच्या खिशातून. नेदरलँड्समध्ये ६५ च्या वरच्या ८४ हजारांहून जास्त लोकांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आले: लसीत ज्या प्रकारचे जंतू आहेत त्यांचा न्यूमोनिया साधारण ४६ टक्क्यांनी कमी. सगळे न्यूमोनिया नाहीत, तेवढेच. मी घरात हा विषय कधी काढलाच नव्हता. आईबाबांसाठी मेडिक्लेम मात्र टॅक्स वाचतो म्हणून दरवर्षी मार्चमध्ये काढतो.

आबाजींचं सांगायचं राहिलं. नळीची वेळ आली नाही. सोमवारी श्वास २८ वर आला, मंगळवारी २४. बुधवारी त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, ‘तुले सुट्टी कशी काय देल्ली बे?’ मी बाथरूममध्ये जाऊन रडून आलो. बाबा बरोबर ठरले असं म्हणता येत नाही आणि चूक तर नाहीच. प्रश्न पुन्हा विचारलाच गेला नाही, एवढंच. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बाबांनी माझ्यापुढे पोह्यांची प्लेट सरकवली आणि आमचं बोलणं सुरू झालं.

एकवीस दिवसांनी ते घरी आले. पूर्वीसारखे नाहीत. ओट्यापर्यंत चालतात, मधे टेकतात, दुपारी कधी कधी बैलांचं नाव काढतात. आजीला परवा वाशिमला नेऊन लस दिली. आबाजींच्या लसीचं डॉक्टर पुढच्या तपासणीला सांगणार आहेत. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी त्यांच्याशेजारी बसतात, शर्ट थोडा वर करतात आणि मोबाईलवर एक मिनिट लावतात. आबाजींना वाटतं मुलगा फोटो काढतोय, म्हणून ते टोपी नीट करतात. मग बाबा आकडा मला मेसेज करतात.

आज १९.